पवित्र आत्म्याचा सण आणि आपल्या घरातल्या भाषा



ईस्टरचा रविवार पार पडला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, झाला सण. उपवासकाळ पाळला, क्रूसाची वाट केली, पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्त्या पेटवल्या, आता नाताळपर्यंत मोकळे. ख्रिस्तसभेचा हिशेब मात्र वेगळा आहे. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, तर पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा. दुःखस्मरणासाठी जेवढे दिवस दिले, त्याहून दहा दिवस जास्त आनंदासाठी दिलेले आहेत. या पन्नास दिवसांचा शेवटचा दिवस म्हणजे पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. पेन्टेकॉस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘पन्नासावा’ असा आहे.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून हा सणही सरकत राहतो. तो १० मेच्या आधी येत नाही आणि १३ जूनच्या पुढे जात नाही. २०२५ साली तो ८ जूनला, अगदी मृगाच्या तोंडावर आला होता. २०२६ साली त्याची तारीख २४ मे. म्हणजे आपल्या मैंदर्गीत हा सण नेहमी एक तर उन्हाच्या कहरात येतो, नाही तर पेरणीच्या धांदलीत. शाळांना सुट्टी, पोरे मामाच्या गावाला, लग्नसराई, रानात नांगरट आणि कुळवणी. या सणाला ना गोठा, ना तारा, ना फराळ. त्यामुळे तो येतो आणि देवळातल्या लाल वस्त्रांपलीकडे फारसे काही न घडता निघून जातो. आम्हाला ही गोष्ट खटकते. कारण नाताळ आणि ईस्टर हे प्रभूच्या जीवनातले दिवस आहेत, पण ‘आपण’ म्हणजे ख्रिस्तसभा ज्या दिवशी रस्त्यावर उभी राहिली, तो दिवस हा आहे.

सुगीचा सण

पेन्टेकॉस्ट हा मुळात यहुदी लोकांचा सण. वल्हांडणाच्या वेळी त्यांच्याकडे जवाची कापणी सुरू होई. पहिली पेंढी देवापुढे आणायची, तेथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या, असा नियम लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. पुढे याच दिवसाशी सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याची आठवणही जोडली गेली. यरुशलेमात त्या दिवशी देशोदेशीचे यात्रेकरू का जमले होते, याचे उत्तर यात आहे. ते सुगीच्या सणाला आले होते.

त्या अध्यायात एक वचन असे आहे की ते घाईत वाचले तर लक्षात येत नाही. सणाचे सगळे नियम सांगून झाल्यावर लगेच, बाविसाव्या वचनात, देव शेतकऱ्याला बजावतो: कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. सणाच्या नियमांच्या मध्येच हा नियम का आला? कारण देवाच्या लेखी गरिबाचा वाटा हा सणाचाच भाग होता. सरवा म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगावे लागत नाही. ज्वारीची काढणी झाल्यावर रानात कणसे वेचायला कोण जाते आणि कोणत्या मालकाचे रान त्यासाठी मोकळे असते, हे सगळ्या गावाला ठाऊक असते.

यहुदी लोक या सणाला रूथचा ग्रंथ वाचतात. चार छोटे अध्याय आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. रूथ ही मवाब देशाची मुलगी, सीमेपलीकडची. तिचा नवरा वारला, सासू नामी आपल्या गावी परत निघाली, तेव्हा ही तिच्याबरोबर परक्या मुलखात आली. सासूचे लोक ते माझे लोक, सासूचा देव तो माझा देव, असे तिने ठरवून टाकले. बवाजाच्या शेतात ती जवाच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत सरवा वेचत राहिली, असे त्या ग्रंथात नोंदलेले आहे. म्हणजे बरोबर वल्हांडण ते पेन्टेकॉस्ट हाच तो काळ! या परक्या सुनेच्या वंशात पुढे दावीद राजा झाला आणि मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून लिहिले.

आपल्याकडे किती घरांत अफझलपूर, आळंद, इंडी या भागांतून आलेल्या सुना आहेत! त्या आल्या तेव्हा त्यांना मराठी किती येत होते? आणि अक्कलकोटच्या पलीकडे दिलेल्या आपल्या मुलींना तिकडे कोणत्या भाषेत सासूचे बोलणे ऐकावे लागते? रूथची गोष्ट आपल्याला परकी वाटायचे काही कारण नाही.

तो आवाज आणि ती गर्दी

आता प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाचा दुसरा अध्याय उघडू या. प्रभू स्वर्गात गेल्यावर शिष्य, काही स्त्रिया आणि पवित्र मरिया हे सर्व जण माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करीत होते. एकूण सुमारे एकशेवीस माणसे होती. सकाळी नऊची वेळ. एकाएकी मोठा वारा सुटल्यासारखा आवाज झाला, अग्नीच्या जिभांसारखे काहीतरी दिसले आणि ते प्रत्येकावर वेगवेगळे जाऊन बसले.

लूकने येथे शब्द जपून वापरले आहेत. वारा आला असे तो म्हणत नाही, वाऱ्यासारखा आवाज आला असे म्हणतो. मे महिन्यात दुपारी एखादे वेळी आभाळ भरून येते, पाने हलत नाहीत आणि मग वळवाचा पाऊस यायच्या आधी दूरवरून एक घोंघावणारा आवाज येऊ लागतो. बायका धावत वाळवण गोळा करतात, माणसे पत्र्यावर दगड ठेवतात. यरुशलेमातही लोक तो आवाज ऐकूनच धावत आले. इब्री भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींना एकच शब्द आहे, रूआह. ग्रीक भाषेतही न्यूमा या एकाच शब्दात हे तीन अर्थ बसतात. म्हणून पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभूने शिष्यांवर फुंकर घातली आणि पवित्र आत्मा घ्या असे सांगितले (योहान २०:२२), ती फुंकर आणि हा आवाज या दोन्हींत एकच आत्मा आहे.

जमलेल्या गर्दीची लूकने यादीच दिली आहे: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियात राहणारे, यहूदिया, कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुलिया, मिसर, कुरेनेच्या बाजूचा लिबिया, रोमहून आलेले, क्रेतचे आणि अरब. मिस्सेत हे वाचन ज्याच्या वाट्याला येते तो बिचारा या नावांना अडखळतो. आमची त्याला विनंती आहे की ही नावे घाईने उरकू नका. प्रत्येक नाव म्हणजे एक भाषा, एक मुलूख आहे. या सर्वांना शिष्यांचे बोलणे आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले. काही जण थट्टा करू लागले की यांना द्राक्षारस चढला आहे. तेव्हा पेत्र उठला आणि म्हणाला, सकाळचे नऊ वाजलेत, आत्ता कोण पिणार? ख्रिस्तसभेच्या पहिल्याच प्रवचनाची सुरुवात अशा साध्या खुलाशाने झाली. त्या दिवशी सुमारे तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ प्रवचनांत सांगितले जाते की बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा जो घोळ झाला (उत्पत्ती ११) तो पेन्टेकॉस्टला मिटला. हे खरे आहे, पण अर्धेच. घोळ मिटवायचा तर देवाला सोपा उपाय होता: सर्वांना पुन्हा एक भाषा द्यायची. देवाने तसे केले नाही. पार्थी माणूस पार्थीच राहिला, अरब अरबच राहिला आणि सुवार्ता त्याच्या घरापर्यंत चालत गेली. बाबेलमध्ये माणसांना सर्वांची एकच भाषा हवी होती, कारण त्यांना आपले नाव मोठे करायचे होते. यरुशलेमात देवाने भाषा अनेक ठेवल्या आणि अंतःकरण एक केले.

आणखी एक गोष्ट पाहा. पेत्र गालीलचा. गालीली लोकांच्या बोलण्याला एक हेल होता, यरुशलेमचे लोक त्याला हसत असावेत. प्रभूला पकडले त्या रात्री पेत्र अंगणात विस्तवाजवळ शेकत उभा होता. त्याने ओळख नाकारली, तेव्हा जवळचे लोक म्हणाले की तुझ्या बोलीवरूनच तू कोण ते कळते (मत्तय २६:७३). ज्या बोलीने त्याला उघडे पाडले, त्याच बोलीचा पेत्र पन्नास-बावन्न दिवसांनी हजारोंपुढे उभा राहिला. लोकांनी तेव्हाही विचारलेच, हे सगळे गालीलचेच ना? म्हणजे पवित्र आत्म्याने त्याचा हेल काही काढून टाकला नाही. भीती तेवढी काढली. आपली कानडी वळणाची मराठी ऐकून पुण्याच्या कॉलेजात आपली मुले हसू सहन करतात आणि सुट्टीत घरी आली की आईबापांच्या बोलण्याची लाज बाळगू लागतात. त्यांनी हा पेत्र जरूर लक्षात ठेवावा.

आपल्या मुलखात हे कसे घडले

पेन्टेकॉस्टचा चमत्कार एका सकाळीच संपला असे नाही. पुढे तो हळूहळू, अभ्यासाने आणि घाम गाळून घडत राहिला. आपल्या मराठीतले उदाहरण घ्यायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे घ्यावे लागेल. हे येशूसंघीय धर्मगुरू इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्याला आले आणि १६१९ साली वारले. मधली चाळीस वर्षे साष्टीच्या आसपासच्या लोकांत गेली. लोक पुराणे ऐकतात हे पाहून त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! त्यांत मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्याही आहेत. परक्या देशाच्या माणसाने आपल्या भाषेवर एवढी माया केली, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. पार्थी माणसाला गालीलकराची वाणी समजली हा एक चमत्कार, आणि इंग्रज माणसाला आमची ओवी साधली हा त्याच जातीचा दुसरा.

पण याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच, ख्रिस्ती लोकांना, त्यांच्या आईची भाषा टाकायला सांगितली. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भाषा दडपणे हे बाबेलचे काम आहे, ते कोणीही केले तरी. कोकणी मेली नाही हे सर्वांना दिसतेच आहे.

आपल्या जवळचे उदाहरण केडगावचे. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगून ठेवले आहे की पवित्र आत्म्याची दाने आपल्या ख्रिस्तसभेच्या दृश्य सीमेबाहेरही असू शकतात. घराणे मराठी, जन्म १८५८ साली कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. लहानपणापासून भटकंतीत वाढलेल्या, संस्कृतात पंडित, आणि मराठी, कानडी, हिंदी, बंगाली अशा भाषा जाणणाऱ्या. त्यांच्या केडगावच्या आश्रमात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. १९०५ साली तेथे पवित्र आत्म्यासाठी प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि तिची बातमी देशोदेशी गेली. लोक त्या लाटेबद्दल पुष्कळ बोलतात. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे पुढचे काम. रमाबाई उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने जड शब्द मुद्दाम बाजूला ठेवले आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी वापरली. आश्रमातल्या बायकांनीच ते छापले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. अग्नीच्या जिभा डोक्यावर उतरल्याचा हा पुरावा आम्ही मानतो.

आपल्या कॅथलिक बाजूलाही अशी माणसे होती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. ते पुढे पुण्याचे बिशप झाले. त्यांच्या मासिकाने केव्हाच शंभरी ओलांडली आहे. आणि आपल्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी एक कॅथलिक धर्मगुरू होते, ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले.

मिस्सेचे काय? आपल्यातले सत्तरीच्या पुढचे लोक सांगतील की त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असत. लोक आपली रोझरी म्हणत बसत. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. आज आपण मराठीत उत्तर देतो, गातो, पापनिवेदन करतो. हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ती देणगी आहे हेच विसरायला होते.

अब्बा

आता आपल्या दाराशी येऊ. मैंदर्गीच्या बाजारात उभे राहिले तर पाच मिनिटांत कानडी, मराठी आणि उर्दू कानावर पडते. सोलापूरला गेलो तर त्यात तेलुगूची भर. एकच माणूस घरात कानडी बोलतो, कचेरीत मराठी, दुकानात दोन्ही मिसळून. यरुशलेमची ती यादी वाचताना आपल्याला दूर कुठे पाहावे लागत नाही.

बापाला आपण मराठीत बाप म्हणतो, कानडीत तंदे म्हणतात, तेलुगूत तंड्री. आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्यांची मुले बापाला हाक मारतात: अब्बा. प्रभू येशू स्वतः पित्याला हाक मारत तो शब्द हाच होता, अब्बा. गेथशेमानी बागेत, सर्वांत कठीण रात्री, त्यांच्या तोंडी तो आला (मार्क १४:३६). संत पौलाने ग्रीक भाषेत पत्रे लिहिली, पण हा एक शब्द त्याने भाषांतर न करता तसाच ठेवला आणि सांगितले की पवित्र आत्मा आपल्या अंतःकरणात हीच हाक मारतो (रोमकरांस ८:१५, गलतीकरांस ४:६). घरातली, लहान पोराच्या तोंडची हाक. पवित्र आत्मा आपल्याला प्रार्थना शिकवतो तो घरच्या भाषेत.

म्हणूनच एक काळजी येथे मांडतो. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जाताना आम्ही पाहतो की आजी कानडीत प्रार्थना म्हणते, सून मराठीत म्हणते आणि नातू इंग्रजी शाळेत पाठ केलेली प्रार्थना म्हणतो. तिघेही म्हणतात, पण एकमेकांना साथ देऊ शकत नाहीत. शेवटच्या आजारात म्हातारे माणूस सगळे विसरते आणि लहानपणची भाषा तेवढी उरते. अशा वेळी उशाशी बसलेल्या घरच्यांना तिचे ‘आमेन’ सोडून काही कळू नये, याचे वाईट वाटते. इंग्रजी शिकू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलांनी चार भाषा शिकाव्यात. पण पौलाने तीमथ्याला लिहिले ते आठवावे: तुझा विश्वास आधी तुझ्या आजीत, लोईसमध्ये होता, मग तुझ्या आईत, युनीकेमध्ये (२ तीमथ्य १:५). आणि त्याच्या पुढच्याच वचनात तो सांगतो की तुझ्यातले देवाचे दान फुंकर घालून पेटते ठेव. आधी आजी, मग विस्तव. आजीची भाषाच तुटली तर नातवाकडे निखारा येणार कोठून?

भाषेवरून रुसवे-फुगवेही होतात. कानडी गीत किती, मराठी गीत किती, वाचन कोणी करायचे, समितीत कोणाची माणसे जास्त. अशा वेळी काही जण म्हणतात, पवित्र आत्मा असता तर भांडणे झाली नसती. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचावा. पेन्टेकॉस्ट झालेल्या, सर्व काही वाटून खाणाऱ्या त्या पहिल्या मंडळीतही भाषेवरूनच कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी काय केले? तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही, आणि दोन वेगळ्या मंडळ्याही केल्या नाहीत. सात सेवक निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाची जबाबदारी गेली. पुढे त्या सातांतला स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला. आम्हाला वाटते, धर्मग्राम समितीच्या बैठकीआधी वर्षातून एकदा तरी हा अध्याय मोठ्याने वाचावा.

सण पाळायचा कसा

प्रथम नोव्हेनाविषयी, कारण तिच्या तारखांचा गोंधळ दरवर्षी होतो. स्वर्गारोहणाचा सण मूळचा ईस्टरनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी. आपल्या लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेत भारतात तो पुढच्या रविवारी साजरा करतात, कारण गुरुवारी कामाधंद्याच्या लोकांना येता येत नाही. पण नोव्हेनाचे नऊ दिवस त्या जुन्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवसापासून, शुक्रवारपासूनच मोजायचे. म्हणजे नोव्हेना सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी स्वर्गारोहणाचा रविवार येतो आणि नववा दिवस पेन्टेकॉस्टच्या आदल्या शनिवारी. रविवारपासून मोजायला लागलात तर दिवस कमी पडतील. सर्व नोव्हेनांची मूळ आई हीच, माडीवरच्या खोलीतले ते दिवस. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ साली ती साऱ्या ख्रिस्तसभेला लावून दिली.

आमची सूचना अशी की या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी घरातली प्रार्थना घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या भाषेत व्हावी. ज्यांना येत नसेल त्यांनी त्यांच्या मागून म्हणावी. एखाद्या घरात चार दिवस कानडी आणि पाच दिवस मराठी झाली तरी चालेल. नातवंडांनी आजीकडून एक प्रार्थना लिहून घ्यावी, देवनागरीत लिहिली तरी हरकत नाही.

सणाच्या मिस्सेत वेदीची वस्त्रे लाल असतात, अग्नीची खूण म्हणून. शुभवर्तमानाच्या आधी पवित्र आत्म्याला बोलावणारे मध्ययुगातले एक जुने गीत म्हटले जाते. वर्षात ज्या मोजक्या दिवशी असे गीत अजून उरले आहे, त्यांतला हा एक. दृढीकरण घेतलेल्यांसाठी हा दिवस विशेष आहे. तुमच्या कपाळावर जे तेल लावले ते बिशपांनी पवित्र आठवड्याच्या सुमारास आशीर्वादित केलेले असते. जुन्या माणसांना आठवत असेल, तेव्हा बिशप गालावर हलकी चापट मारत, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. ती प्रथा आता नाही, पण तिचा अर्थ मुलांना जरूर सांगावा. यंदा दृढीकरणाच्या वर्गाला बसणाऱ्यांनी यशयाच्या अकराव्या अध्यायातली पवित्र आत्म्याची दाने पाठ करावीत: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय. इब्री मूळ ग्रंथात ती सहाच आहेत. जुन्या ग्रीक भाषांतरात भक्तीची भर पडली आणि सात झाली. हेही भाषांतराचेच दान म्हणायचे! सातांतले ‘सल्ला’ हे दान आपण सर्वांत कमी मागतो. सोयरीक ठरवताना, कर्ज काढताना, बांधाचा वाद कोर्टात न्यायचा की नाही हे ठरवताना आपण दहा जणांना विचारतो आणि पवित्र आत्म्याला विचारायचे राहते.

सरव्याचा वाटाही विसरू नये. पेन्टेकॉस्टच्या रविवारी अर्पणाच्या वेळी प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी, तूर किंवा डाळ आणावी, असे आम्ही सुचवतो. पेरणीच्या दिवसांत ज्यांच्या घरी बियाणे घेतल्यावर खायला कमी उरते, त्यांच्याकडे ते गुपचूप पोहोचवता येईल. नावे जाहीर करण्याची गरज नाही. बवाजानेही आपल्या गड्यांना सांगितले होते की पेंढीतली थोडी कणसे मुद्दाम खाली पडू द्या आणि तिला काही बोलू नका.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पवित्र मरिया ख्रिस्तसभेची माता हा स्मरणदिन असतो. पोप फ्रान्सिस यांनी तो २०१८ साली साऱ्या ख्रिस्तसभेसाठी लावून दिला. माडीवरच्या खोलीत ती शिष्यांबरोबर होती, म्हणून तो याच सोमवारी.

आणि ईस्टरची ती मोठी मेणबत्ती. पुनरुत्थानाच्या रात्री पेटवलेली, पन्नास दिवस वेदीजवळ उभी असलेली. पेन्टेकॉस्टची संध्याकाळची प्रार्थना झाली की ती तेथून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ ठेवतात. वर्षभरात कोणाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा ती पेटते आणि कोणाला मातीला न्यायचे असेल तेव्हा शवपेटीजवळ पेटते. रविवारी संध्याकाळी ज्यांना वेळ आहे त्यांनी मुलांना घेऊन यावे. ती उचलून नेताना मुलांना पाहू द्यावे. ज्यांच्या घरी बाप्तिस्मे व्हायचे आहेत त्यांनी त्याच वेळी धर्मगुरूंना भेटून नावे द्यावीत, आणि वाचन कानडीत हवे की मराठीत तेही सांगावे.